हातचं राखून खेळायचा एल्फ डेक

ऐरोलीहून कॉलेजात शिकणाऱ्या, 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्या एका मुलाने विचारलं आहे: "दादा, माझा लॅथ्रिलचा एल्फ डेक आहे. ५४ क्रीचर, ३३ लँड आणि बाकी १२ पत्ते. दर रविवारी आम्ही चौघं सीवूड्सला मित्राच्या घरी कमांडर खेळतो. सहाव्या-सातव्या टर्नपर्यंत माझं टेबल भरून जातं, मग कोणीतरी बोर्ड वाइप टाकतो आणि पुढचा तासभर मी नुसता बघत बसतो. अजून क्रीचर वाढवू, की क्रीचर डेकचा नादच सोडू?"

(नवख्यांसाठी: क्रीचर म्हणजे लढणारे पत्ते. लँड म्हणजे माना, अर्थात पत्ते टाकायची ताकद, देणारे पत्ते. बोर्ड वाइप म्हणजे टेबलावरचे क्रीचर एकदम पुसणारा पत्ता. कमांडर हा शंभर पत्त्यांच्या डेकने खेळायचा प्रकार, त्यात एक क्रीचर, इथे लॅथ्रिल, डेकची म्होरकी असते आणि मेली तरी परत उतरवता येते.) दोन्ही नको. तुझा डेक वाईट नाही, फक्त तो दोघांच्या डावासाठी बांधल्यासारखा आहे. दोघांत समोरच्याचे २० लाइफ संपवायचे असतात. तिथे लवकर भरलेलं टेबल बऱ्याचदा पुरतं, कारण वाइप येईपर्यंत समोरचा संपलेला असतो. कमांडरमध्ये समोर तिघं, प्रत्येकाचे ४० लाइफ, म्हणजे एकूण १२० कापायचे. शिवाय त्या तिघांपैकी एकाच्या हातात जरी वाइप असला तरी तो तुझ्यावर पडणार, कारण टेबलावर सगळ्यात जास्त दिसणारा तूच. चौघांच्या डावात क्रीचर डेकचा जीव टेबलावर नसतो, हातात असतो. आपल्याकडे 'हातचं राखून' म्हणतात ना, या डेकचं सगळं मर्म त्यात आहे.

मला हे समजलं ते नेरूळच्या एका डायनिंग टेबलावर. माझ्याकडे ११ एल्फ उभे होते, इतर तिघांचे मिळून तीन क्रीचर. समोरच्याने त्याच्या टर्नला पाच लँड वापरून एक ड्रॅगन उतरवला नाही, थांबला, टेबलावरचे क्रीचर बोटाने मोजले आणि एकच माउंटन (लाल माना देणारी लँड) आडवा केला, म्हणजे टॅप करून वापरला. ब्लास्फेमस ॲक्ट. या पत्त्याची मूळ किंमत नऊ माना, पण टेबलावरच्या प्रत्येक क्रीचरमागे ती एकाने उतरते. १४ क्रीचर होते, म्हणून त्याला तो एका लाल मानात पडला. प्रत्येक क्रीचरला १३ डॅमेज. उरलेल्या पाच लँडवर त्याने त्यानंतर तो ड्रॅगन आरामात उतरवला. माझ्याच गर्दीने त्याचं काम स्वस्त केलं होतं, आणि माझ्या हातात होता एक फॉरेस्ट, म्हणजे नुसती एक लँड.

त्या रात्री ठाण्याच्या लोकलमध्ये बसून मी ते ११ एल्फ आठवून लिहिले. काम करणारे होते पाच: तीन माना देत होते, एक पत्ते ओढून देत होता, एक सगळ्यांना +१/+१ देत होता (पहिला आकडा मारण्याची ताकद, दुसरा टफनेस म्हणजे मार सोसण्याची). उरलेले सहा नुसते उभे होते. ते सहा हातात असते तर पुढच्या दोन टर्नमध्ये मी परत उभा राहिलो असतो. तेव्हापासून कुठलाही क्रीचर टाकताना मी एकच बघतो: हा आत्ता, या टर्नला काय करणार आहे?

आता यादीकडे येऊ. ५४ क्रीचर जास्त आहेत, ४० ठेव. लँड ३३ वरून ३६ कर. उरलेले पत्ते १२ चे २३ होतील. ३६, ४० आणि २३ मिळून ९९, आणि लॅथ्रिल शंभरावी.

लँड वाढवायला सांगितलं की एल्फवाले हमखास म्हणतात, "माझे एल्फच माना देतात की." देतात, वाइप येईपर्यंत. लॅनोवर एल्व्ह्ज, एल्व्हिश मिस्टिक, फिंडहॉर्न एल्व्ह्ज, एल्व्ह्ज ऑफ डीप शॅडो हे एका मानाचे चौघे पहिल्या टर्नला हवेतच, त्यांच्यामुळे लॅथ्रिल चौथ्याऐवजी तिसऱ्या टर्नला उतरते. पण वाइपमध्ये ते गेले की तुझं सैन्य आणि तुझी तिजोरी एकदमच जाते. ३३ लँड असतील तर तिसऱ्या टर्नपर्यंत बघितलेल्या दहा पत्त्यांत सरासरी ३.३ लँड येतात. ३६ असतील तर ३.६. फरक लहान दिसतो, पण वाइपनंतर चार लँडवर उभा असलेला एल्फ डेक आणि सहा लँडवर उभा असलेला एल्फ डेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅथ्रिल एकदा मेली की चारऐवजी सहा मानांना पडते, दुसऱ्यांदा आठ. ते माना लँडमधूनच यायला हवेत. म्हणून मी वुड एल्व्ह्ज कधीच काढत नाही. तीन मानाला एक एल्फ आणि डेकमधून उभा, लगेच वापरता येईल असा फॉरेस्ट. एल्फ मेला तरी फॉरेस्ट तुझाच. साकुरा-ट्राइब एल्डर जातीने एल्फ नाही तरी ठेव: हल्ला अडवायचा, डॅमेज लागायच्या आत स्वतःला सॅक्रिफाइस करून लँड आणायची. नेचर्स लोर, थ्री व्हिजिट्स हेही याच कामाचे.

४० क्रीचरची वाटणी साधारण अशी करतो: माना किंवा लँड देणारे १२, पत्ते देणारे किंवा शोधून आणणारे आठ, समोरच्याच्या वस्तू मोडणारे किंवा ग्रेव्हयार्डातून (मेलेल्या पत्त्यांच्या ढिगातून) परत आणणारे सहा, बाकीच्या एल्फना बळ देणारे पाच, टोकन (हातातल्या पत्त्याशिवाय उभे राहणारे क्रीचर) काढणारे सहा आणि डाव संपवणारे तीन. एकेक जण दोन कामं करत असेल तर उत्तमच. रेक्लेमेशन सेज आर्टिफॅक्ट किंवा एन्चँटमेंट (टेबलावर टिकणारे इतर प्रकारचे पत्ते) मोडतो आणि वर एल्फ म्हणून मोजला जातो. तू आत्ता त्याजागी क्रीचर नसलेले स्पेल ठेवले असशील तर ते काढ. क्रीचर डेकची खरी मजाच ही आहे की इतर डेकना ज्यासाठी मंत्र लागतात ते आपली माणसं करतात, आणि काम झाल्यावर हल्ल्यालाही जातात.

टोकन काढणाऱ्यांकडे नीट लक्ष दे, कारण हात न रिकामा करता टेबल भरायचं ते त्यांच्याच जोरावर. इम्पीरियस परफेक्ट दर टर्नला एका हिरव्या मानात एक एल्फ काढते आणि बाकीच्यांना +१/+१ पण देते. वुल्व्हरीन रायडर्स सहा मानांचा आहे, महाग वाटतो, पण तो *प्रत्येकाच्या* अपकीपला (टर्नच्या सुरुवातीला) एक एल्फ देतो. दोघांच्या डावात एका फेरीत दोन, आपल्या चौघांच्या डावात चार. हातातला एकच पत्ता गेला आणि फेरी फिरून तुझ्यापाशी येईपर्यंत टेबलावर पाच अंगं. याच्यावर वाइप पडला तर समोरच्याचा एक पत्ता गेला, तुझाही एकच. असा सौदा मला कधीही चालतो. उलट तू हातातून पाच वेगवेगळे एल्फ टाकून तीच गर्दी केलीस, तर त्याच्या एका पत्त्याने तुझे पाच खाल्ले.

पत्ते ओढण्याचं म्हणशील तर बीस्ट व्हिस्परर आणि गार्डियन प्रोजेक्ट हवेतच. बीस्ट व्हिस्परर क्रीचर टाकतानाच पत्ता देतो, तो क्रीचर समोरच्याने रद्द केला तरी. गार्डियन प्रोजेक्ट एन्चँटमेंट आहे, त्यामुळे क्रीचर पुसणाऱ्या बहुतेक वाइपमधून वाचतो. आणि स्कलक्लॅम्प. एक मानाचा, क्रीचरला घालायला आणखी एक माना, +१/-१ देतो, आणि घालणारा मेला की दोन पत्ते. १/१ एल्फ टोकनला घातला की ते तिथल्या तिथे मरतं. एक माना, एक टोकन, दोन पत्ते. फक्त एक लक्षात ठेव: टेबलावर एल्व्हिश आर्चड्रूइड किंवा इम्पीरियस परफेक्ट असेल तर टोकन २/२ असतं, क्लॅम्प घातल्यावर ३/१ होऊन जिवंत राहतं. तेव्हा ते हल्ल्याला पाठव, कोणीतरी अडवेल.

आता वाइप. हा भाग सावकाश वाच, कारण बहुतेक जण हिरव्या डेकमध्ये हिरोइक इंटरव्हेन्शन घालतात आणि निर्धास्त होतात. दोन मानाचा तो पत्ता चांगलाच आहे, तुझ्या टेबलावरच्या सगळ्या पत्त्यांना हेक्सप्रूफ (समोरच्यांना त्यांच्यावर नेम धरता येत नाही) आणि इनडिस्ट्रक्टिबल (ते मोडत नाहीत) करतो. राथ ऑफ गॉड आणि डॅम्नेशन 'डिस्ट्रॉय' करतात, त्यातून वाचशील. ब्लास्फेमस ॲक्ट डॅमेज देतो, त्यातूनही वाचशील. पण टॉक्सिक डेल्यूज -X/-X देतो. टफनेस शून्य झाला की इनडिस्ट्रक्टिबल क्रीचरही मरतो. फेअरवेल एक्झाइल करतो, म्हणजे खेळाबाहेरच काढतो, तिथेही उपयोग नाही. सायक्लॉनिक रिफ्ट ओव्हरलोड केला (जास्त माना मोजून सगळ्यांवर लावला) तर तो कोणालाच टार्गेट करत नाही, म्हणजे नेम धरत नाही, त्यामुळे हेक्सप्रूफ असूनही लँड सोडून सगळं हातात परत जातं. टोकन तर नाहीशीच होतात. म्हणजे आपल्याकडच्या टेबलांवर नेहमी दिसणाऱ्या सहा वाइपपैकी तिघांपुढे तुझी ढाल नुसती कागदाची. या सगळ्यांपुढे सारखं चालणारं संरक्षण एकच: अजून न टाकलेले पत्ते.

एक मात्र असा क्रीचर आहे जो वाइप टाकणाऱ्याचा हात दोन क्षण तरी थांबवतो: पॉयझन-टिप आर्चर. चार मानाचा, तुझ्या काळ्या-हिरव्या रंगातला, एल्फच. दुसरा कुठलाही क्रीचर मेला की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा एक लाइफ जातो. वाइपमध्ये तो स्वतः मरत असला तरी त्याच क्षणी मरणारे बाकीचे सगळे मोजले जातात, टोकन पण. तो आणि आणखी १३ क्रीचर एकत्र गेले तर तिघांचेही १३-१३ गेले. नेरूळला त्या दिवशी माझ्या ११ एल्फमध्ये हा असता तर समोरच्याला ड्रॅगनचा आनंद एवढा झाला नसता. हा आर्चर टेबलावर आला की मी त्याचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. लपवण्यात फायदा नाही, तिघांना हिशेब कळलेला असण्यातच फायदा आहे.

वाइपनंतर परत येण्यासाठी काळ्यात पेट्रिआर्क्स बिडिंग आहे. प्रत्येकाने एक क्रीचर टाइप (जात, जसं एल्फ) निवडायचा, आणि निवडलेल्या टाइपचे सगळे क्रीचर ग्रेव्हयार्डातून टेबलावर. इतरांचेही येतात, तेव्हा टाकण्याआधी तिघांच्या ग्रेव्हयार्डावर नजर टाक. असा एक पत्ता पुरे. दोन-तीन घातलेस तर सुरुवातीच्या हातात ते अडकून बसतात.

मग टेबलावर किती आणि हातात किती? चार ते सहा कामाचे क्रीचर टेबलावर आले की मी थांबतो. हातात तीन प्रकारचे पत्ते राखतो: एक स्वस्त माना देणारा, एक पत्ते ओढणारा, एक मोठा. हे तिन्ही मिळून वाइपनंतरच्या दोन टर्नचं रेशन. पुढचा एल्फ टाकायचा तो एकतर टेबलावरच्या एखाद्याने काम करणं थांबवलं म्हणून, नाहीतर याच टर्नला डाव संपवायचा आहे म्हणून. 'माना उरलाय' हे कारण चालणार नाही. माना उरू दे. दोन हिरवे माना उघडे ठेवून गप्प बसलास तर समोरचे हिरोइक इंटरव्हेन्शनचा अंदाज बांधत बसतील, हातात तो असो वा नसो.

डाव संपवण्याचं गणित नीट करायला शीक, अर्धवट हल्ल्याने एल्फ डेक जितका हरतो तितका वाइपनेही हरत नाही. लॅथ्रिल स्वतः आणि दहा उभे एल्फ टॅप केले की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे दहा लाइफ जातात, तुझे दहा वाढतात. यात बारकावा असा की लॅथ्रिल आदल्या टर्नपासून तुझ्याकडे असायला लागते, पण ते दहा एल्फ नुकते उतरलेले असले तरी चालतात. त्यांना समनिंग सिकनेस (नव्या क्रीचरला आल्या टर्नला हल्ला करता येत नाही आणि टॅपचं चिन्ह असलेलं कामही करता येत नाही, हा नियम) आडवा येत नाही, कारण टॅपचं चिन्ह फक्त लॅथ्रिलच्या वाट्याचं आहे. हे अनेक वर्षं खेळणाऱ्यांनाही माहीत नसतं. वुल्व्हरीन रायडर्सने इतरांच्या टर्नमध्ये दिलेली टोकन इथे लगेच कामी येतात, आणि हे तू दुसऱ्याच्या टर्नमध्ये, हल्ला जाहीर झाल्यावरही करू शकतोस.

मोठा शेवट म्हणजे क्रेटरहूफ बेहेमॉथ. आठ माना. समज, तुझ्याकडे पाच लँड आणि नऊ १/१ एल्फ आहेत. पाच लँड आणि माना देणारे तीन एल्फ टॅप करून तू तो उतरवलास. आता क्रीचर दहा, म्हणून प्रत्येकाला +१०/+१० आणि ट्रॅम्पल (अडवणाऱ्याला मारून उरलेला डॅमेज खेळाडूला लागतो). टॅप झालेले तिघे मोजणीत धरले जातात, पण हल्ल्याला जात नाहीत. जाणारे सहा, प्रत्येकी ११, म्हणजे ६६, आणि क्रेटरहूफला हेस्ट (आल्या टर्नलाच हल्ला करता येणं) असल्याने त्याचे १५. एकूण ८१. तिघांचे १२० असतील तर हा हल्ला पुरत नाही. ११-११ आणि १५ चे घाव कसेही वाटले तरी ४० पूर्ण एकाचेच होतात. एक मेला, दोघं वाचले आणि तुझे सगळे आडवे. पण आधी लॅथ्रिलने दोनदा दहा-दहा काढले असतील तर उरले ६०, आणि समोर अडवणारे फारसे नसतील तर ८१ ट्रॅम्पलमध्ये तिघं एकदम जातात. म्हणून लवकरचे छोटे घाव वाया जात नाहीत, ते शेवटच्या हल्ल्याची उधारी आधी फेडतात.

क्रेटरहूफ परवडत नसेल तर बीस्टमास्टर ॲसेन्शन घे. तीन मानाचं एन्चँटमेंट. हल्ला करणाऱ्या प्रत्येक क्रीचरमागे त्यावर एक काउंटर (मोजणीची खूण), सात झाले की सगळ्यांना +५/+५. सात एल्फ एकाच हल्ल्यात पाठवलेस तर अडवणारे ठरायच्या आतच ते सगळे ६/६ झालेले असतात. एझुरी, रेनेगेड लीडरही तितकाच भरवशाचा: पाच मानाला सगळ्या एल्फना +३/+३ आणि ट्रॅम्पल, आणि माना असतील तितक्या वेळा.

पहिला हल्ला कोणावर, हेही ठरवून ठेव. लॅथ्रिलला मेनेस आहे, दोन जणांनी मिळूनच अडवावं लागतं. ज्याच्यापुढे शून्य किंवा एक क्रीचर आहे त्याच्यावर जा, डॅमेज जितका तितके एल्फ मिळतील. पण सलग तीन टर्न एकालाच मारू नकोस. चौघांच्या टेबलावर रागावलेला माणूस स्वतःचा डाव सोडून तुझ्या मागे लागतो, आणि रविवारच्या दुपारी मित्राचं तोंड उतरलेलं कोणालाच नको असतं. निळा-पांढरा खेळाडू सहा लँड उभे ठेवून टर्न सोडतो तेव्हा मोठं काही टाकू नकोस, तो ते रद्द करू शकतो. आधी कमी महत्त्वाचा एल्फ टाकून बघ, तो काय करतो ते.

टोकनविषयी एक. कागदाच्या चिठ्ठ्या आणि नाणी वापरू नका, चिठ्ठ्या पंख्याखाली उडतात आणि नाण्यांत टॅप-अनटॅपचा घोळ होतो. मी फोडलेले चिंचोके वापरतो. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी आजीच्या सारीपाटाच्या पिशवीत होते तेच. काळी पाठ वर असेल तर एल्फ उभा, पांढरं पोट वर असेल तर टॅप. नुकते आलेले चिंचोके वेगळ्या रांगेत. टेबलाच्या पलीकडच्यालाही एका नजरेत मोजता येतात, भांडण होत नाही. आणि पावसाळ्यात आपल्या खाडीकाठच्या हवेत फॉइल पत्ते कमानीसारखे वाकतात, कारण कागद दमट हवा पितो आणि वरचा चकचकीत थर पीत नाही. वाकलेला पत्ता पिसताना ओळखू येतो, ते बरोबरच्यांवर अन्यायाचं आहे. एकतर साधे पत्ते वापर, नाहीतर दुहेरी स्लीव्ह आणि डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या.

यादी बदललीस की रविवारी थेट टेबलावर नेऊ नकोस. घरी एकटा बस, पत्ते पिस आणि सहा टर्न खेळ. सहाव्या टर्नच्या शेवटी स्वतःच स्वतःवर वाइप टाक: टेबलावरचे सगळे क्रीचर ग्रेव्हयार्डात. मग आणखी दोन टर्न खेळ. आठव्या टर्नला टेबलावर किमान चार क्रीचर आणि हातात किमान दोन पत्ते असायला हवेत. असं दहा वेळा कर आणि वहीत लिही. दहातल्या सहा वेळांहून कमी जमलं, तर वाइपच्या क्षणी टेबलावर नुसते उभे असलेले एल्फ कोणते होते ते बघ. पुढच्या वेळी काढायचे पत्ते तेच.